प्रोजेक्टर कोणता घ्यावा, याच्या आधीचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तुमच्या वाचनालयाचं ३० बाय २० फुटांचं सभागृह आहे. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आवाज आणि उजेडाचा, हात लावून अनुभवायचा असा काही कार्यक्रम करायचा आहे. हाताशी ५०,००० रुपये आहेत. पुण्यातल्या एका मॉलमध्ये तुम्ही फरशीवर पोहणारे मासे पाहिलेत, पाय टाकला की पळणारे. तसं करायला प्रोजेक्टर कोणता, सेन्सर कोणता, ॲप कुठलं, असं तुम्ही विचारलंय.

मी चौदा वर्षं हेच काम करते आहे. शाळांची सभागृहं, जत्रेतले मंडप, एकदोन संग्रहालयं, एकदा तर धान्याचं रिकामं गोदाम. प्रोजेक्टरचं उत्तर देतेच, पण त्याआधी जरा विजापूरला जाऊ या.

तुमच्या भागातल्या शाळांच्या सहली गोलघुमटाला जातात, तुम्हीही कधीतरी गेला असाल. १६५६ साली पुरी झालेली इमारत. आतून घुमटाचा व्यास सुमारे ३८ मीटर. सज्जात एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तर अगदी समोरच्या बाजूला भिंतीला कान लावलेल्या माणसाला ते ऐकू येतं. टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. मी पहिल्यांदा गेले ती शाळेच्या सहलीत. आम्ही पन्नाससाठ जणी एकदम ओरडत होतो आणि वरून नुसता कल्लोळ खाली येत होता. घुमट बोलतो म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलंच नाही. पुढे माझ्या मुलीला घेऊन गेले, तेव्हा सकाळी उघडल्या उघडल्या पोचलो होतो. सज्जात जेमतेम पाच माणसं. तिने एक टाळी वाजवली आणि ती परत आल्यावर जागच्या जागी थिजली. मग हळूच दुसरी टाळी, मग त्याहून हळू. शेवटी तिने भिंतीशी स्वतःचं नाव सांगितलं, आणि पलीकडून आजोबांनी हाक मारली. इमारत तीच होती. फरक एवढाच, की या वेळी घुमटाने तिला एकटीला ओ दिली होती.

तुमच्या सभागृहात मुलाने काही केलं आणि खोलीने त्यालाच ओ दिली, हे त्या मुलाला कळेल का? बाकीचे सगळे निर्णय मी याच प्रश्नापासून घेते. एकदा हे ठरलं की प्रोजेक्टरचा प्रश्न पुष्कळदा आपोआप सुटतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या इथेच सांगून टाकते. सभागृहाला खिडक्या किती आणि कोणत्या दिशेला, छत किती उंच, वीज कितपत भरवशाची, तीन दिवसांत किती मुलं येतील आणि तुमच्याकडे उभं राहायला किती स्वयंसेवक आहेत, यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. त्यामुळे साधारण गावातल्या सभागृहासारखं, म्हणजे बारा फूट छत आणि तीन-चार खिडक्या, असं धरून पुढचं लिहिते.

आता ते मासे. फरशीवर चित्र पाडायचं तर प्रोजेक्टर छताला उलटा टांगावा लागतो आणि शेजारी समोरची गोष्ट किती दूर आहे ते ओळखणारा कॅमेरा लागतो. बऱ्याच साध्या प्रोजेक्टरना दहा फूट रुंद चित्रासाठी पंधरा फूट अंतर हवं असतं. अकरा फुटांवरून खाली पाडलं तर चित्र जेमतेम सव्वासात फूट रुंद येईल. त्यात एका वेळी चार-पाच मुलं मावतात. सहावं मूल आलं की कुणामुळे मासा पळाला ते कुणालाच सांगता येत नाही. जवळून मोठं चित्र पाडणारे प्रोजेक्टर मिळतात, पण त्यांचं तीन दिवसांचं भाडं, कॅमेरा, संगणक आणि बसवणारा माणूस यात तुमची जवळजवळ सगळी रक्कम जाईल. मग पहिल्या दिवशी दुपारी तो संगणक अडकला, तर तुमच्याकडे दुसरं काहीच नसेल.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. मॉलमधले ते मासे मूल नसतानाही पोहत असतात. माझी एक साधी कसोटी आहे: मूल थांबलं की खोलीही थांबली पाहिजे. मूल थांबल्यावरही सगळं चालूच राहत असेल तर ते टीव्हीसारखं झालं, आणि टीव्ही घरी आहेच.

म्हणून सांगते, मोठ्या ठिकाणांकडून शिकायचं ते यंत्र नव्हे. तोक्योच्या टीमलॅब या गटाचा मत्स्यालयाचा खेळ प्रसिद्ध आहे. मूल कागदावर मासा रंगवतं, तो स्कॅन होतो आणि भिंतीवरच्या समुद्रात पोहू लागतो. तिथे मुलं भिंतीपुढून हलत नाहीत, कारण हजार माशांत त्यांना आपला मासा शोधायचा असतो. माँट्रियलमध्ये २०११ साली रस्त्याच्या कडेला २१ झोपाळे लावले होते. प्रत्येक झोपाळ्याला स्वतःचा सूर होता, आणि काही सुरावटी मात्र अनेक जण एका लयीत झुलले तरच ऐकू यायच्या. अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून झोके जुळवायला लागली. या दोन्हींतली कल्पना पन्नास हजारांत उचलता येते.

तुमच्या जागी मी असते तर तीनच गोष्टी मांडल्या असत्या आणि त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा सोडली असती.

पहिली, रंगीत सावल्या. याला संगणक लागत नाही, सेन्सर लागत नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळ मुलं इथेच रमतात. सान फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम हे संग्रहालय फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली सुरू केलं. हा खेळ तिथे आहे आणि जगभरच्या विज्ञान केंद्रांतही आहे. एक लाल, एक हिरवा आणि एक निळा असे तीन दिवे घ्यायचे, एकमेकांपासून साधारण फूटभर अंतरावर ठेवायचे आणि बारा-पंधरा फुटांवरच्या पांढऱ्या भिंतीवर सोडायचे. तिन्ही लागले की भिंत पांढुरकी दिसते. मध्ये मूल उभं राहिलं की काळी सावली पडत नाही, तीन रंगीत सावल्या पडतात. लाल दिवा अडला तिथे आकाशी, हिरवा अडला तिथे राणी रंग, निळा अडला तिथे पिवळा. दोन सावल्या एकमेकींवर आल्या की तिथे उरलेल्या एकाच दिव्याचा शुद्ध रंग, आणि तिन्ही एकत्र आल्या तरच काळं. हे कुणी मुलांना सांगायची गरज नसते. दहा मिनिटांत एखादी मुलगी बहिणीला सांगायला लागते, ‘तू थोडी मागे सर, मग आपण दोघी मिळून हिरवं करू.’

करताना दोन गोष्टी सांभाळा. हिरवा दिवा बहुतेक वेळा डोळ्यांना जास्त प्रखर भासतो आणि भिंत हिरवट दिसते. तो दिवा थोडा मागे न्या. अंतर वाढलं की उजेड झपाट्याने उतरतो, त्यामुळे फूट-दीड फुटानेही फरक दिसतो. दिवे लहान आकाराचे, उघडे असू द्या. मोठ्या पसरट ट्यूबची सावली धुरकट पडते. भिंतीला रंग दिलेला असेल तर पांढरं सुती कापड ताणून लावा, चुण्या राहू देऊ नका.

याच भिंतीवर दिवसातून दोनदा फक्त एक पांढरा दिवा ठेवून सावल्यांची गोष्ट करता येईल. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. ती परंपरा जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तुम्ही पुठ्ठा आणि रंगीत जिलेटिन घेऊन बसलात तर मुलं आपापली बाहुली कापतील. टीमलॅबच्या माशाचं मर्म याहून वेगळं नाही: भिंतीवर जे हलतंय ते मी केलेलं आहे.

दुसरी गोष्ट, सुरांची वाट. जमिनीवर सहा पट्ट्या, प्रत्येकीवर पाय पडला की एक सूर आणि समोरच्या भिंतीवर एक दिवा. प्रश्न असा, की दहा मुलं एकदम नाचली तर काय ऐकू येईल? सातही सूर दिलेत तर गोंगाट. म्हणून मी कायम भूप राग वापरते. सा रे ग प ध आणि वरचा सा. या पाचांतले कुठलेही दोन-तीन सूर एकत्र वाजले तरी कानाला बोचत नाहीत. तीन वर्षांचं मूल उड्या मारत गेलं तरी त्यातून गाणंच ऐकू येतं, आणि पेटी शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही त्यात काहीतरी बसवता येतं.

पट्ट्या घरी बनतात. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांना आतून पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवायची, मध्ये पातळ फोम, आणि त्या फोमला रुपयाच्या नाण्याहून मोठी भोकं. पाय पडला की वरची फॉइल भोकातून खालच्या फॉइलला टेकते आणि जोडणी होते. दोन्हींच्या वायरी संगणकाच्या कळफलकासारखं काम करणाऱ्या छोट्या बोर्डला जोडल्या की पाऊल म्हणजे एक कळ दाबणं. बोर्ड म्हणून आर्डुइनोचे काही प्रकार चालतात, मेकी मेकी तर खास यासाठीच केलेला आहे. पट्टी तयार झाली की तुमच्या ओळखीतल्या सगळ्यांत हलक्या मुलाला तिच्यावर उभं करा. मोठ्यांच्या वजनाला सगळ्याच पट्ट्या वाजतात. तीन वर्षांच्या मुलाच्या पायाखाली जी वाजत नाही ती पुन्हा बांधायची, फोम आणखी पातळ आणि भोकं आणखी मोठी.

स्पीकर वायरचाच हवा, याबद्दल मी फार आग्रही आहे. सुरुवातीच्या काळात एका प्रदर्शनात आयोजकांनी आम्हाला ब्लूटूथ स्पीकर दिले होते. ब्लूटूथवरून आवाज पोचायला सेकंदाचा दशांश ते पंचमांश वेळ सहज जातो. कागदावर हे काहीच वाटत नाही. पण पाय पडला आणि आवाज मागून आला की मुलाला वाटतं, वाजलंच नाही. मग ते जोरात पाय आपटतं. दुपारपर्यंत आमच्या निम्म्या पट्ट्या फाटल्या होत्या आणि आयोजक मुलांनाच ओरडत होते. रात्री स्पीकर बदलले. दुसऱ्या दिवशी तशीच दंगेखोर वयाची मुलं चवड्यांवर, हलक्या पावलाने चालत होती. मुलं दांडगाई करताहेत असं दिसलं की मी आजही आधी यंत्राची ओ उशिरा येतेय का ते तपासते.

संगणकातले तयार आवाज घेऊ नका. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मुलांना मोबाइल घेऊन गावात पाठवा. खलबत्ता, कुकरची शिट्टी, एसटीची घंटी, देवळातली घंटा, हातपंप, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांची माळ. पेटीवरचे भूपाचे सूर गावातल्याच कुणाकडून वाजवून घ्या. सकाळी सूर आणि दुपारी गावाचे आवाज असं बदलता येईल. प्रत्येक आवाज एका सेकंदाच्या आतला ठेवा, आणि तीच पट्टी पुन्हा दाबली तर आधीचा आवाज तिथेच तुटू द्या, नाहीतर आवाजांवर आवाज चढत जातात.

वीज जाणारं गाव असेल तर याला बिनविजेची जोड हवी. दोन इंची पीव्हीसी नळ्या आडव्या चौकटीवर बांधायच्या आणि रबरी चपलेने तोंडावर थापटायच्या. नळी जितकी लांब तितका सूर खाली. भूपासाठी सेंटिमीटरमध्ये १००, ८९, ८०, ६७, ६० आणि वरच्या सा साठी ५० अशा लांब्या कापा. या हिशेबात आखूड नळ्या किंचित उतरलेल्या लागतील, कारण नळीतली हवा तोंडाबाहेरही थोडी डोलते आणि आखूड नळीत त्या ‘थोड्या’चा वाटा मोठा असतो. त्या नळ्या पेटीशी जुळवत कानशीने थोड्या थोड्या घासून आणा. हे काम एखाद्या बाबांना आणि मुलाला मिळून द्या, त्यातच त्यांची एक संध्याकाळ छान जाईल.

तिसरी गोष्ट सगळ्यांत छोटी आहे आणि ती खास कुटुंबांसाठी. भिंतीवर दोन तांब्याचे किंवा पितळेचे हात लावायचे, एकमेकांपासून आठ फुटांवर. एका माणसाचे हात तिथवर पोचत नाहीत. आईने एक धरायचा, मुलाने दुसरा, आणि मधल्यांनी एकमेकांचे हात धरायचे. साखळी पुरी झाली की दिवा उजळतो आणि तानपुरा सुरू होतो, हात सुटला की बंद. त्याच छोट्या बोर्डवर हे होतं, शरीरातून जाणारा प्रवाह जाणवणारही नाही इतका सूक्ष्म असतो. तरीही माझा नियम आहे, माणसं जोडली जाणार असतील तिथला लॅपटॉप बॅटरीवरच चालवायचा, चार्जर लावायचा नाही. हात फार कोरडे असले की साखळी जुळत नाही, म्हणून शेजारी ओला रुमाल ठेवा.

हे मुद्दाम का, ते सांगते. ‘मुलांसाठी आणि घरच्यांसाठी’ असं आपण लिहितो, पण प्रत्यक्षात मुलं खेळतात आणि मोठी माणसं कडेला उभी राहून मोबाइलवर चित्रण करतात. त्यात त्यांचा दोष नाही, आपण त्यांना दुसरं कामच दिलेलं नसतं. एखादी गोष्ट मोठ्या माणसाशिवाय होतच नाही अशी ठेवली की चित्र बदलतं. या साखळीत मी एका आजोबांना सून, नातू आणि शेजारची अनोळखी मुलगी असे सगळे हात धरून डोळे मिटून तानपुरा ऐकताना पाहिलं आहे. त्यांच्यामागे रांग होती आणि रांगेतलं कुणी घाई करत नव्हतं.

आता सुरक्षिततेचं. इथे परिस्थितीवर अवलंबून असं काही नाही. गणपतीच्या डेकोरेशनमधले लुकलुकणारे स्ट्रोब दिवे आणू नका. उजेड सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप करता कामा नये. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात एका कार्टून मालिकेच्या भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने चमकला आणि ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. ज्यांना फिट येतात हे घरच्यांनाही माहीत नसतं, अशीही मुलं असतात. दिवे हळू उजळू द्या आणि हळू मावळू द्या, ते दिसायलाही सुंदर दिसतं.

आवाज इतका ठेवा की दोन हातांवरच्या माणसाशी नेहमीच्या स्वरात बोलता येईल. मुलांच्या कानांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा सांगते, तुमच्याकडची मुलं तर तासाभरापेक्षा कमीच ऐकतील. पण गोंगाट वाढला की प्रत्येकाची ओ हरवते, म्हणून आवाज कमीच हवा. पूर्ण अंधार करू नका. डोळ्यांना सरावायला काही मिनिटं लागतात आणि तीन-चार वर्षांची मुलं दारातच रडू लागतात. बाहेरच्या व्हरांड्यात आकाशकंदिलांच्या मंद उजेडात त्यांना थोडं बसवा, मग आत न्या. दाराचा पडदा बाजूला बांधलेला असू द्या, म्हणजे बाहेरची आई दिसते. सगळी वीज वायरमनकडून तपासून घ्या, अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) आहे का ते स्वतः विचारा. मुलांच्या हाताशी येणाऱ्या माळा पाच किंवा बारा व्होल्टच्याच. रोजची पहिली तुकडी शांत ठेवा: आवाज निम्मा, उजेड थोडा जास्त, मुलं आठ-दहाच. स्वमग्न मुलांच्या पालकांना ही वेळ आधी कळवा. अशा कार्यक्रमांना यायचं त्यांनी पुष्कळदा सोडूनच दिलेलं असतं.

तुकड्यांचा हिशेब असा. ६०० चौरस फुटांत तीन खेळांना मिळून वीस मुलं आणि साधारण तेवढीच मोठी माणसं. पंचवीस मिनिटं आत, पाच मिनिटं जागा आवरायला. तासाला दोन तुकड्या, दिवसाला चार तास, म्हणजे दिवसाला १६० मुलं आणि तीन दिवसांत ४८०. शांत तुकडीमुळे त्यातली तीसेक कमी होतील. तुम्हाला वाटेल, अजून मुलं मावतील. मावतील, पण मग माझ्या सहलीतला गोलघुमट होईल. गर्दी जास्त येणार असेल तर चौथा दिवस वाढवा, तुकडी वाढवू नका.

पैशाचं सांगायचं तर दिवे, कापड, पट्ट्या, बोर्ड, नळ्या आणि दोन चांगले वायरचे स्पीकर हे सगळं निम्म्या रकमेत बसायला हवं. लॅपटॉप कुणाचा तरी मागून घ्या. उरलेल्यातले दहा हजार दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. दोन जादा पट्ट्या, जादा बोर्ड, जादा वायर पहिल्या दिवसापासून टेबलाखाली तयार हवं. त्यानंतरही पैसे उरले आणि प्रोजेक्टर हवाच असेल, तर भाड्याने साधा घ्या आणि फरशीऐवजी भिंतीवर, मुलांनी काढलेली चित्रं दाखवायला वापरा.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी सगळं मांडून चार मुलांना आत सोडा, वेगवेगळ्या वयांची. काहीही समजावून सांगू नका, कडेला बसून वही घेऊन बघा. कोण कुठे थांबलं, कुणी कशावर चढायचा प्रयत्न केला, कुणी आईला हाक मारून ‘हे बघ’ म्हटलं, ते लिहा. जिथे एकदाही ‘हे बघ’ आलं नाही ती गोष्ट पुन्हा बांधा किंवा सरळ काढून टाका. दोन दिवस त्यासाठी पुरतात.

सभागृहाची लांबीरुंदी कळली आहे. आता छताची उंची, खिडक्यांच्या दिशा आणि विजेचे पॉइंट कुठे आहेत ते कागदावर आखून इथे टाका. सावल्यांची भिंत कोणती करायची आणि दिवे कुठे टांगायचे, ते त्यावर खुणा करून परत पाठवते.